पासपोर्टाला कुंकू

गुणाजी मेस्त्रींनी दसऱ्याच्या दिवशी बायकोच्या पासपोर्टाची पूजा केली, आणि तिथून पुढे जे काही झालं त्याला ते स्वतः, वरच्या मजल्यावरचे अण्णा कर्णिक आणि इंग्लंडचं सरकार असे तिघे जबाबदार होते. त्यातल्या इंग्लंडच्या सरकारला निदान त्याची कल्पना तरी नव्हती.

गुणाजी म्हणजे मुलुंडच्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. दर दसऱ्याला ते आपली मापायची हत्यारं, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर, पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहायचे, झेंडूचं फूल ठेवायचे आणि मग जेवायला बसायचे. शहाऐंशी सालच्या दसऱ्याला पाटावर तिसरी वस्तू आली. त्यांची बायको रुक्मिणी बावीस ऑक्टोबरच्या विमानाने लंडनला निघणार होती. लेक कुंदा तिथे बाळंत व्हायची होती. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी, मुलुंडलाच व्हायचं. पण डॉक्टरांनी कुंदाला विमानात बसायला मनाई केली. सासू मागेच वारलेली, जावई दिवसभर कामावर, आणि तारीख दिलेली महिनाअखेरची. तेव्हा माहेरच उठून तिच्याकडे जाणार होतं.

पासपोर्ट आल्या दिवसापासून रुक्मिणीने तो देव्हाऱ्यात ठेवला होता. गुणाजींनी तो पाटावर घेतला, फूल वाहायच्या आधी सहज उघडला, आणि आतला फोटो बघून त्यांचा हात थांबला. फोटो काळापांढरा. स्टेशनजवळच्या फोटोवाल्याने चेहरा उजळ यावा म्हणून एवढा प्रकाश टाकला होता की रुक्मिणीच्या कपाळावरचं कुंकू त्यात पार विरून गेलं होतं. कपाळ कोरं करकरीत.

गुणाजींना ते बघवेना. आपण इथे धडधाकट पाटावर बसलोय आणि ही बाई असल्या कपाळाने परदेशात जाणार. तिथले लोक काय समजतील? त्यांनी कुंकवाचा करंडा उघडला, बोट ओलं केलं आणि फोटोतल्या कपाळावर बरोबर मधोमध टिकली लावली. हात कारागिराचा, त्यामुळे टिकली केसभरही इकडेतिकडे गेली नाही. मग त्यांनी समाधानाने पासपोर्ट मिटला, म्हणजे ओलं कुंकू समोरच्या पानालाही लागलं, आणि तो पुन्हा देवापुढे ठेवून ते श्रीखंडपुरी जेवले.

संध्याकाळी अण्णांकडून हाक आली. बिल्डिंगमध्ये फोन फक्त अण्णांकडे होता. अण्णा एकोणऐंशी साली अकरा दिवस लंडनला राहून आले होते, आणि त्या अकरा दिवसांवर गेली सात वर्षं बिल्डिंगला सल्ला देत होते.

फोनवर कुंदा होती. "बाबा, आईचा व्हिसा झाला ना?"

"कसला व्हिसा? लंडनला व्हिसा नाही लागत. उतरायचं, तिथल्या साहेबाला सांगायचं आणि बाहेर पडायचं. अण्णा तसेच गेले होते."

"बाबा, नियम बदललाय. पंधरा तारखेपासून इंडियातून येणाऱ्या सगळ्यांना आधी व्हिसा लागणार. मी पत्रात लिहिलं होतं ना?"

गुणाजींनी अण्णांकडे बघितलं. ते पत्र त्यांनी अण्णांना दाखवलं होतं. अण्णा म्हणाले होते, पोरं परदेशात एकटी पडली की घाबरट होतात, लक्ष देऊ नका.

"आईला विमानातच बसू देणार नाहीत, बाबा," कुंदाचा आवाज बारीक झाला. "ती नाही आली तर मी काय करू? मला इथे काहीसुद्धा सुचत नाही."

"येईल. तू काळजी करू नको. बावीसला म्हणजे बावीसला येईल," असं म्हणून गुणाजींनी फोन ठेवला आणि काळजी करायला सुरुवात केली. अण्णा म्हणाले, "नियम बदलणार हे मला वाटलंच होतं." मग दोघेही खाली आले.

व्हिसासाठी पासपोर्ट लागतो हे अण्णांना नक्की ठाऊक होतं, म्हणून रुक्मिणीने तो देव्हाऱ्यातून काढून उघडला. ती एरवी मुंबईची मराठी बोलायची; रागावली की मालवणीवर यायची.

"ह्या काय?"

"कुंकू," गुणाजी म्हणाले.

"ता माका दिसता. लावलां कोणी?"

"मी."

"कित्याक?"

"अगं, तुझं कपाळ मोकळं दिसत होतं. मी आहे ना अजून."

"पासपोर्टाक कोण कुंकू लावता?"

"दरवर्षी व्हर्नियरला लावतो की," गुणाजी म्हणाले. त्यांचं खरंच काय चुकलं ते त्यांच्या लक्षात येत नव्हतं.

अण्णांनी ते लक्षात आणून दिलं. "गुणाजीराव, पासपोर्टातल्या फोटोला हात लावणं म्हणजे गुन्हा. माणूस बदलला असं समजतात. वाट लागली तुमची." गुणाजींचा चेहरा उतरला. मग अण्णा जरा विचार करून म्हणाले, "साहेबाला दिसायच्या आत पुसून टाका."

रुक्मिणी म्हणत होती की आता कुणी हातही लावू नका. पण गुणाजींना आपल्या हातावर भरवसा होता. लोखंडावरून केसाच्या जाडीचा थर काढणारा माणूस तो. कुंकवाचा कण म्हणजे काय? दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजारात गेल्यावर त्यांनी झिरो नंबरचा पॉलिश पेपर घेतला, भिंग लावलं आणि श्वास रोखून घासायला घेतलं. कुंकू गेलं. जाताना उजवी भुवई घेऊन गेलं.

आता एक भुवई असलेली बाई तर कुणालाच चालली नसती. तेव्हा त्यांनी कारखान्यातली ड्रॉइंगची पेन्सिल काढली, डाव्या भुवईचं माप घेतलं आणि उजवी काढली. माप तंतोतंत होतं. फक्त जरा वर बसली. त्यामुळे फोटोतल्या रुक्मिणीला आता कुणीतरी मोठी बातमी सांगितल्यासारखं दिसत होतं. खऱ्या रुक्मिणीने बाजारातून आल्यावर तो फोटो बघितला आणि तिचाही चेहरा हुबेहूब तसाच झाला.

ती ओरडली नाही. खुर्चीवर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. "पोर तिकडे एकटी आहे हो," एवढंच म्हणाली. त्या क्षणी गुणाजींना ती ओरडली असती तर बरं झालं असतं असं वाटलं.

नवा पासपोर्ट काढायला महिने लागले असते. मग आहे तोच घेऊन जायचं ठरलं, आणि अण्णांनी मुलाखतीची तयारी करून घ्यायचं अंगावर घेतलं. ते खुर्चीत साहेब होऊन बसले.

"वहिनी, पहिली गोष्ट. बाळंतपण हा शब्द तोंडातून काढायचा नाही. त्यांना वाटेल तुम्ही तिकडे आयाचं काम करायला चाललाय. मग संपलं."

"मग कशाला चाललेय म्हणून सांगू?"

"फिरायला. राणीचा राजवाडा बघायचाय, नदीवरचा पूल बघायचाय, ते मोठं घड्याळ बघायचंय."

"घड्याळ बघायला विमानाने?"

"सगळे तसंच सांगतात. आणि फोटोचं विचारलं तर म्हणायचं, कचेरीतूनच असा आला."

"म्हणजे खोटं."

"वहिनी, व्हिसा पाहिजे का नको?"

रुक्मिणीने तीनदा राजवाडा, पूल, घड्याळ असं म्हणून दाखवलं. तिसऱ्या वेळी अण्णांनी तिला पास केलं.

पंधरा तारखेला, म्हणजे नियमाच्या पहिल्याच दिवशी, गुणाजी आणि रुक्मिणी पहाटेच निघून फोर्टात वकिलातीच्या दारात जाऊन उभे राहिले. अण्णांनी सांगितलं होतं की पहिल्याच दिवशी कोण कशाला येतंय. अर्ध्या मुंबईला तेच कुणीतरी सांगितलेलं दिसत होतं. रांग कोपऱ्यावरून वळून पुढच्या रस्त्याला लागली होती. दुपारी दोन वाजता रुक्मिणीचं नाव पुकारलं. आत फक्त जिचा अर्ज तिलाच सोडत होते. गुणाजी बाहेर फुटपाथवर राहिले, आणि नुसतं उभं राहवेना म्हणून समोरच्या खांबाचा घेर मनातल्या मनात मोजू लागले.

आत टेबलामागे ऊन लागून नाक लाल झालेला एक गोरा साहेब होता. शेजारी दुभाषा म्हणून बसलेली बाई मराठी निघाली. तिचं नाव माणिक सामंत. तिने "बसा काकू" म्हटलं आणि रुक्मिणीला इतकं बरं वाटलं की पाठ केलेलं निम्मं तिथेच गळून पडलं.

साहेबाने पासपोर्ट उघडला. फोटो बघितला. रुक्मिणीकडे बघितलं. पुन्हा फोटो बघितला, मग समोरच्या पानावरचा लाल डाग. सावकाश काहीतरी म्हणाला.

"काकू, साहेब विचारतात, कशाला चाललाय?"

रुक्मिणीच्या ओठावर राजवाडा आला होता. पण समोर बसलेली माणिक कुंदाच्याच वयाची होती, आणि तिच्या डोळ्याला डोळा भिडवून घड्याळाचं काही सांगणं तिला जमेना.

"लेकीचं बाळंतपण आहे," ती म्हणाली. "पहिलं. तिला सासू नाही. मी नाही गेले तर तिला न्हाऊमाखू घालायला कुणी नाही."

माणिकने सांगितलं. साहेबाने मान हलवली आणि लिहून घेतलं. त्याचा चेहरा जराही बदलला नाही. लेकीच्या बाळंतपणाला आईने जाणं हे नियमात अगदी व्यवस्थित बसत होतं, आणि जावयाचं पत्र, डॉक्टरांचं पत्र असली कागदपत्रं कुंदाने कधीच पाठवून दिली होती. अण्णांनी ती घरीच ठेवायला सांगितली होती. रुक्मिणीने ती तरीही पिशवीत घातली होती. ती आता तिने टेबलावर ठेवली.

"आणि फोटोला काय झालंय?"

"माझ्या नवऱ्याने कुंकू लावलं."

"म्हणजे?"

"फोटोत माझं कुंकू दिसत नव्हतं. त्यांना वाटलं, बघणाऱ्याला वाटेल ते गेले. म्हणून दसऱ्याला लावलं. मग गुन्हा होतो असं कळलं म्हणून घासून काढलं. भुवई गेली, म्हणून पेन्सिलीने काढली. कारागीर आहेत. माप चुकलेलं नाही, बघा."

माणिकला हे इंग्रजीत सांगताना दोनदा थांबावं लागलं. साहेबाने भिंग मागवलं आणि भुवई निरखून बघितली. मग खोकला आल्यासारखं केलं आणि शेवटचा प्रश्न विचारला.

"काकू, हा प्रश्न आम्हाला सगळ्यांना विचारावाच लागतो. तुम्ही तिकडेच राहणार नाही, परत याल, हे कशावरून?"

रुक्मिणीला प्रश्न ऐकून नवलच वाटलं. तिने फोटोवर बोट ठेवलं. "ज्या माणसाने दोन दिवसांत पासपोर्टाचं हे केलं, त्याच्या ताब्यात मी घर किती दिवस ठेवू?"

माणिकने हसू आवरत ते भाषांतर केलं. साहेबाने चष्मा काढून डोळे पुसले.

शेवटी तो म्हणाला की व्हिसा मिळेल, पण या फोटोवर नाही. पासपोर्ट ज्या कचेरीने दिला तिथून नवा फोटो लावून वर त्यांचा शिक्का घेऊन या. त्याने तशी चिठ्ठी दिली. पुढचे दोन दिवस त्या कचेरीत गेले. तिथल्या हेडक्लार्कनेही सगळी हकिकत दोनदा ऐकून घेतली, दुसऱ्यांदा शेजारच्या टेबलांना बोलावून, आणि मग शिक्का मारला.

वीस तारखेला रुक्मिणी पुन्हा त्याच टेबलापुढे बसली. माणिक म्हणाली, "साहेब तुम्हाला सहा महिने देतायत काकू."

"सहा नको. तीन लिहा."

माणिकला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "अहो, लोक सहाचे सात मागतात."

"सहा लिहिलेत तर लेक सहा महिने ठेवून घेईल. जावई आग्रह करील. बाळ तोंडाकडे बघेल, मग माझा पाय निघायचा नाही. तुम्हीच तीन लिहा, म्हणजे सरकारचा हुकूम झाला. मला कुणाला नाही म्हणायला नको." ती क्षणभर थांबली. "आणि हे एकटे आहेत. माझ्याशिवाय कधी राहिलेले नाहीत. मीसुद्धा नाही राहिलेय."

साहेबाने खाडाखोड करून तीन लिहिलं.

बाहेर गुणाजी उभे होते. "मिळाला?"

"मिळाला."

"किती?"

"तीन महिने."

गुणाजींचा आनंद निम्म्यावर आला. "अण्णांना विचारलं मी. सगळ्यांना सहा देतात म्हणे. तुझेच तीन कापले." ते खाली बघत राहिले. "माझ्यामुळे गं. मी त्या फोटोला हात लावला नसता तर..."

रुक्मिणीने तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. पश्चात्तापात बुडालेला नवरा तिने चौतीस वर्षांत प्रथमच बघितला होता. तिने पासपोर्ट पिशवीत नीट ठेवला आणि चहा पिऊया म्हणाली.

उरलेल्या दोन दिवसांत गुणाजी भात लावायला शिकले, पिठलं शिकले आणि देव्हाऱ्याकडे फिरकले नाहीत. बावीसला रुक्मिणी विमानात बसली. एकोणतीसला कुंदाला मुलगी झाली, आणि अण्णांच्या फोनवर लंडनहून हाक आली. बाळाचं वजन, नाक, केस, कुणावर गेली, सगळं सांगून झाल्यावर कुंदा म्हणाली, "बाबा, आईला तीनच महिने का हो दिले? मी तिला उन्हाळ्यापर्यंत ठेवणार होते."

गुणाजी लगेच म्हणाले, "चूक माझी, पोरी. मी तिच्या फोटोला... जाऊ दे. आई आहे का तिथे? तिला दे."

रुक्मिणीने फोन घेतला.

"ऐकतेस ना? तू तिकडे अजून राहिली असतीस. माझ्यामुळे तुला लवकर परत यावं लागतंय."

पलीकडे नातीच्या रडण्याचा आवाज येत होता.

"होय," रुक्मिणी म्हणाली. "तुमच्यामुळेच."