तेरा पेरांची मुंगी

दिनांक ८ सप्टेंबर १९३४. ऐवज पावशेर साखर, किंमत एक आणा. हजर: मी, आमची मंडळी आणि साखर उसनी मागायला आलेले शेजारचे तात्या उपासनी. साखर घेऊन तात्या घरी गेले नाहीत. आमच्या पायरीवरच त्यांनी वाटी उपडी केली आणि खिशातून भिंग काढून ते पालथे पडले.

"अहो, मला वाटलं चहाला हवी!" मंडळी म्हणाली.

"चहा काय, उद्याही होईल, वहिनी," तात्या पायरीशीच बोलले. "ही आली पाहा. कंबर बघा. एक गाठ की दोन?"

मंडळीने पदर सावरला आणि ती आत गेली.

तात्या भोरच्या शाळेत चित्रकला शिकवत. मुंगी ओळखायची त्यांची रीत ठरलेली होती. आधी कंबरेच्या गाठी, मग जबडा, मग मिशांची पेरे. हीच नजर माणसांवरही चाले. नवे हेडमास्तर आले तेव्हा तात्यांनी त्यांना निरखून घेतले आणि माझ्या कानात सांगितले, "जबडा मोठा, पण चावरी जात नाही." अंदाज बरोबर निघाला.

या नादापायी त्यांचे घर मात्र सुने होते. त्यांच्या बायकोने, अन्नपूर्णाबाईंनी, एकदा चुलीमागच्या वारुळावर रॉकेल ओतले. तात्या जेवले नाहीत, बोलले नाहीत, सुतक धरल्यासारखे आठवडाभर बसून राहिले. शेवटी बाईंनी किकवीला भावाकडे जायला बोचके बांधले. निघताना म्हणाल्या, "मी मेले असते तर इतकं बसला नसतात." या गोष्टीला तीन वर्षे झाली होती.

आता तात्यांच्या हाती मोठे घबाड लागले होते. वेल्ह्याच्या वरच्या दाट रानात उडी मारणारी एक मुंगी आहे. जबडा सांडशीसारखा लांब, डोळे टपोरे, मिशांना बारा पेरे. ती ग्रंथात नोंदलेली. पण त्याच रानात दिवेलागणीला कंदिलावर येणारी एक पंखांची मुंगी तात्यांना मिळाली. तिचा जबडा नावापुरता आणि मिशांना पेरे तेरा. त्यांच्याजवळच्या एकाही ग्रंथात ती नव्हती.

"नवी जात," तात्या म्हणाले. "मुंबईच्या संग्रहालयाला धाडायची. शोधणाऱ्याला नाव सुचवता येतं."

"काय सुचवणार?"

"अन्नपूर्णा."

मंडळी आतून म्हणाली, "मुंग्यांपायी गेलेल्या बाईचं नाव मुंगीला? आता कसली परत येते ती!"

"येईल न येईल," तात्या भिंग पुसत म्हणाले. "पण जगात तिच्या नावाचं काहीतरी राहील. तेवढं तिला जाऊन सांगेन म्हणतो."

मात्र घर पाहिल्याशिवाय जात ठरवायची नाही, हा त्यांचाच नियम. म्हणून ऑक्टोबरात आम्ही वेल्ह्याला गेलो. वाट दाखवायला धोंडिबा होता.

त्या रानात दुपारही हिरवी होती. ऊन जमिनीपर्यंत पोचत नव्हते. जे पोचे ते पाण्यातून उतरल्यासारखे हलत राही. सगळीकडे शेवाळाचा ओला वास. बोलावे असे वाटत नव्हते. तात्या एका बिळाशी पालथे पडले, आणि थोड्या वेळाने मलाही वाटू लागले की आपण झोपेत आहोत आणि कोणीतरी आपल्याला भिंगातून पाहत आहे.

"मास्तर, म्या हितंच जलमलो," धोंडिबा कुजबुजला, "पर मुंगीच्या मिशा मोजणारा पयल्यांदाच बगतोय. मोजून झाल्या की पीळ बी द्या."

बिळातून बारा पेरांची मुंगी आली. तिने मिशांनी हवा चाचपली. तिच्या मागून, नुकताच उठल्यासारखा, तोच तेरा पेरांचा पंखवाला बाहेर आला. ती वळली, तिने त्याच्या पंखांवरून मिशा फिरवल्या आणि त्याला आत ओढू लागली. तो मुकाट्याने गेला.

बऱ्याच वेळाने तात्या उठले. "नवी जात नव्हे, नर आहे हो. तिच्याच घरातला."

नर वेगळे दिसतात हे तात्यांना ठाऊक नव्हते का? होते. पण नाव आधी ठरले आणि मुंगी नंतर सापडली, तिथेच घोटाळा झाला.

"मग काय झालं?" धोंडिबा म्हणाला. "द्या की नाव. मुंगी काय कोर्टात जाती व्हय?"

"खोट्या जातीला तिचं नाव नको," तात्या म्हणाले. मग नमुन्याची डबी खिशात घालून ते उतरू लागले.

भोरला परतल्यावर दुसऱ्याच सकाळी ते किकवीच्या मोटारीत बसलेले मला दिसले. हातात नमुन्याची डबी होती.

संध्याकाळी आमच्या दाराशी अन्नपूर्णाबाई उभ्या. हातात वाटी.

"अगं बाई! काय म्हणाले ते?" मंडळीने विचारले.

"काही नाही. भावाच्या ओट्यावर बसले, डबी उघडली. म्हणाले, माझी चूक झाली, हा वेगळा नव्हे, तिच्याच घरचा. मला काय कळतंय! मग म्हणाले, तुझं नाव देणार होतो. मी म्हटलं, मुंगीला? तर मान खाली घालून हो म्हणाले." त्यांनी हातातली वाटी सावरली. "वाळलेत हो फार. आले मग मी."

तेव्हा दिनांक २२ ऑक्टोबर १९३४ रोजी उसन्या साखरेची फेड झाली. अन्नपूर्णाबाईंकडून आमच्या मंडळीला पावशेर, आणि काठाच्या वर चांगली शीग.

"एवढी जास्त कशाला?" मी विचारले.

"ती तुमची नव्हे," बाई म्हणाल्या, आणि बोटाने निपटून शीग त्यांनी आमच्या पायरीवर सांडली.