आमच्या ह्यांची पैज

माझ्या नवऱ्याने मला फसवलं. भर दुपारी, माझ्याच स्वयंपाकघरात. फुलबाजारात वीस वर्षं गाळा चालवतेय. झेंडूच्या ढिगाखाली दडवलेला शिळा माल मला नुसत्या वासावर कळतो. तरी फसले.

आमच्या ह्यांना, प्रभाकररावांना, पैज लावल्याशिवाय चहा उतरत नाही. दूध उतू जाणार का? "लागली?" सिन्नरच्या एसटीतून आधी कोण उतरणार? "लागली?" माझ्या भावाच्या लग्नात भटजी कितव्या मंगलाष्टकाला खोकतील, यावर त्यांनी नवरीच्या मामाचं घड्याळ जिंकलं. तोवर मीही हसत होते.

मग हे कामाला होते ती अंबडची कंपनी बंद पडली. हे घरी बसले आणि मोबाइलवर पैसे लावून रमी खेळायला लागले. बाथरूममध्ये, आवाज बंद करून. माझ्या टेम्पोसाठी साठवलेले पैसे त्यात गेले. मी ताट आपटलं, देवळ्याला माहेरी जाऊन राहिले, परत आले. त्यांनी शपथा घेतल्या, मोडल्या. पण संसार मोडू द्यायचा नाही, हे मी ठरवलं होतं.

शेवटी त्यांच्याच भाषेत बोलले. "दसऱ्यापर्यंत हातात पत्ते दिसले, तर फोन माझ्याकडे आणि रोज पहाटे गाळ्यावर माझ्याशेजारी बसायचं. नाही दिसले, तर मी जन्मात टोकणार नाही. लागली?"

"लागली!"

जुगाऱ्याला पैज लावून सुधारायला निघालेली बाई मीच.

तिसऱ्या दुपारी घरी आले, तर हे गॅसशेजारी पाटावर बसून, आवाज मोठा करून फोनवर पत्ते खेळतायत. "हरलो गं मंगल," म्हणाले आणि फोन आपणहून हातात दिला. हरल्याचं कधी कबूल न करणारा हा माणूस!

तेव्हापासून गाळ्यावर असतात. हार ओवतात, वाकडेतिकडे. गिऱ्हाईक दिसलं की कुजबुजतात, "ही घासाघीस करणार. लागली?" मी डोळे वटारते.

परवा तो फोन नीट उघडून पाहिला. पैशांच्या रमीचं खातं यांनी पैज लागली त्याच संध्याकाळी बंद केलेलं. त्या दुपारी चालला होता तो पोरांचा फुकटचा खेळ.

"मुद्दाम हरलात?"

सुईत दोरा घालत म्हणाले, "दुपारी घर लय मोठं वाटतं गं."

दोन खोल्यांचं घर!

अहो, जगाशी भाव करते मी. पण 'शेजारी बसू दे' एवढं तोंडाने मागितलं असतं, तर घासाघीस केली असती का? ती सुई खाली ठेवा, आणि द्या उत्तर.