अडकित्त्यानं कातरलेलं चॉकलेट

सुपारीच्या अडकित्त्यानं चॉकलेट कातरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दुर्दैवानं तो माझ्या घरासमोरच राहतो.

जुन्नरच्या आमच्या आळीत माझ्या ओट्याच्या बरोब्बर समोर किसनतात्यांचं दार. तात्या द्राक्षबागायतदार. त्यांचा मुलगा द्राक्षांच्याच धंद्यात तिकडे हॉलंडला नोकरीला. इथली द्राक्षं बोटीनं तिकडे जातात आणि तिकडून कुणा येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती तात्यांना चॉकलेटचे डबे येतात. डबा असा, की नवरीचे दागिने ठेवावेत. आत मखमली कागद आणि एकेका वडीला स्वतंत्र खोली. आमच्या घरात मला नाही.

हे डबे यायच्या आधी आळीची संध्याकाळ माझी होती. माझं खताचं दुकान आहे. ते बंद केलं की रिटायर तलाठी भाऊसाहेब, नामदेव वायरमन आणि आणखी चार टाळकी माझ्या ओट्यावर जमत. घरातून चहा येई. टोमॅटोच्या भावापासून उसातल्या बिबट्यापर्यंत सगळ्याचा निकाल तिथं लागे आणि शेवटचा शब्द माझा असे. मग तात्यांकडे पहिला डबा आला आणि महिनाभरात ओट्यावर मी आणि आमचं मांजर एवढेच उरलो. पुढे मांजरही तिकडे जाऊ लागलं.

तात्यांनी चॉकलेटला पानाच्या पितळी डब्यात बसवलं होतं. काताच्या खणात काळं, चुन्याच्या डबीत पांढरं, लवंगांच्या जागी मीठ भुरभुरलेलं आणि सुपारीच्या खणात बदामाचं वाटण भरलेलं. मांडी ठोकून बसायचं, वडी अडकित्त्यात धरायची आणि नखाएवढा काप पाहुण्याच्या तळहातावर ठेवायचा. वर तंबी द्यायची, "चावायचं न्हाई, राव. दाताला सुट्टी, जिभेला ड्युटी!"

एवढं म्हटलं की सगळी आळी डोळे मिटून बसलेली. तलाठ्यासकट!

"ह्यो बेल्जमचा," तात्या सांगत. "आदी कडू लागंल, मंग मातीवानी, आन् शेवटाला मनुका. आली का मनुका?"

"आली, आली," नामदेव म्हणे. मनुका याला आयुष्यात दिवाळीखेरीज कधी भेटली नसेल.

"ह्या गोळ्याला ट्रफल म्हनत्यात. वरनं भुकटी, आत लोनी. आन् ह्ये नव्वद टक्क्यांचं. ह्ये सासऱ्याच्या जातीचं, पयल्यांदा तोंड वाकडंच करायला लावतंय. पांढरं म्हंजी नुसतं गोड बोलनारा पावणा. त्येच्यात राम न्हाई."

एकदा तर त्यांनी द्राक्षाची साखर मोजायची दुर्बीण आणली आणि तिच्या काचेवर चॉकलेट वितळवून लावलं. डोळ्याला लावून बघतात तर आत अंधार. काच पुसताना खराब झाली आणि त्या वर्षी बाग उतरवायच्या वेळी व्यापाऱ्याची दुर्बीण मागावी लागली. मला झालेला आनंद मी लपवला नाही.

कारण मी जळत होतो. उगाच मोठेपणा कशाला सांगू? त्या कापांचं कौतुक ऐकून पोटात आग पडायची आणि आग पडलेल्या पोटानं मीही जाऊन हात पुढे करायचो. माझा मुलगा चाकणला कंपनीत. दर शनिवारी घरी येतो आणि धुवायचे कपडे आणतो. चाकणहून दुसरं काय येणार?

शेवटी मी त्यालाच पुण्याहून सगळ्यांत भारी डबा आणायला लावला. सोनेरी कागदातल्या गोल गोल वड्या, आत हेझलनट का काय ते. रविवारी संध्याकाळी सगळ्यांना आवतण दिलं. तात्यांना तर मुद्दाम. जाहीर केलं, "आपल्याकडे कातरणं-बितरणं नाही. अख्खं खा!"

त्यांनी अख्खं खाल्लं. भाऊसाहेबांनी तर एक गालात आणि एक हातात. आतून चहा बाहेर यायच्या आत डबा रिकामा. मग हात धोतराला पुसून सगळे उठले. "बरंय भाऊ, गोड हाय," एवढाच निकाल. तात्या तेवढे चहाला थांबले आणि म्हणाले, "झ्याक व्हतं हां, भाऊ." त्यांनी ते मनापासून म्हटलं, हे मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून मी तात्यांकडे गेलो. अजून कुणी आलेलं नव्हतं. माझ्या एकट्यासाठी त्यांनी सतरंजी अंथरली.

"तात्या, तुमची युक्ती तरी काय?"

"युक्ती कसली? अख्खं दिलं की मानूस खातंय आन् उठतंय. कातरून दिलं की बसतंय."

"तुम्ही स्वतः कधी खाताना दिसत नाही."

तात्यांनी दाराकडे पाहिलं. "कुनाला बोलू नगा. मला कडू जहर लागतंय ह्ये. आपला गूळ-शेंगदाना बरा."

"मग हा थाट कशाला?"

"तुमची काकी गेली, तेरावं झालं, पावणंरावळं आपापल्या घरी गेलं. सांजच्याला तुमच्या ओट्यावरनं हसायचा आवाज यायचा. मी दार लावून घ्यायचो. जळायचो तुमच्यावर, भाऊ. खोटं कशाला बोलू?"

"अहो, मग यायचं की!"

"घरातलं मानूस गेल्यालं. आपनहून दुसऱ्याच्या ओट्यावर हसायला कसं यावं? मंग पोरानं डबा धाडला. भाऊसायेब बगायला आलं. येक वडी कातरली, तर तासभर बसलं."

खरं सांगतो, आधी मला बरंच वाटलं. माझ्यावरही कुणी जळत होतं! पण ते बरं वाटणं टिकलं नाही. तात्यांनी पानाचा डबा माझ्यापुढे उघडला. सगळे खण रिकामे, काताच्या खणात एक काळी वडी.

"अवंदा पोरानं काय धाडलं न्हाई. सवड नसंल. आज भागंल. उद्याच्याला काय कातरू?"

म्हणजे उद्यापासून आळी परत माझी. त्यासाठी मला काहीही करायचं नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं.

तेवढ्यात एकेक जण येऊ लागला. तात्यांनी ती वडी इतकी पातळ कातरली की कापातून पलीकडचा उजेड दिसावा. गप्पा रंगल्या. भाऊसाहेबांनी जुनी भांडणं उकरली, नामदेवनं खांबावरचे किस्से सांगितले. शेवटी एकच काप उरला.

"तात्या, ह्यो तुमचा," भाऊसाहेब म्हणाले. "तुमी खाताना आमी कवाच बगितलं न्हाई."

सगळ्यांनीच आग्रह धरला. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काप तोंडात टाकला. चटकन गिळून मोकळं होता आलं असतं, पण सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे होते. विरघळेपर्यंत त्यांनी तो तसाच धरून ठेवला. डोळ्यांत पाणी आलं तरी तोंड हसतं ठेवलं.

"फस्टक्लास," ते म्हणाले. मग जरा थांबून सगळ्यांकडे बघत विचारलं, "उद्या येताय न्हवं?"

"येतो की," मी म्हणालो, बाकीच्यांनी तोंड उघडायच्या आत. "आणि उद्या चहा आमच्या घरून. इथंच घेऊन येतो."