इनामदार साहेबांची सही

आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीतले इनामदार साहेब रिक्षात बसण्याआधी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारतात. वय ब्याऐंशी. वाकून चाकं बघतात, आरसा हलवून बघतात. परवा एक रिक्षावाला म्हणालाच, "काका, बसताय की विकत घेताय?"

"विश्वास अल्लावर ठेवावा, नटबोल्टांवर नव्हे," असं म्हणून साहेबांनी दुसरी रिक्षा थांबवली.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. संशय घेणं हे माझं बिनपगारी कामच. हा माणूस हवाई दलात होता म्हणे. पासष्ट, एकाहत्तर, कारगिल, तीन-तीन लढाया पाहिल्या, आणि सांगायला एक किस्सा नाही? एकदा विचारलंच, "साहेब, शत्रूची विमानं किती पाडलीत?"

"एकही नाही. मी इंजिनिअर. विमान उडण्याजोगं आहे, अशी सही करायचो. त्याशिवाय वैमानिक जागचा हलत नसे."

हात्तिच्या! सह्या तर मीही बँकेत तीस वर्षं केल्या.

गेल्या महिन्यात सकाळी फिरायला निघालो, तर साहेब पार्किंगमध्ये माझ्या मुलीच्या, मृणालच्या, स्कूटरमागे गुडघे टेकून बसलेले. हात चाकात. दुसऱ्या दिवशीही तेच. आता मात्र यात काहीतरी काळंबेरं आहे, अशी माझी खात्रीच पटली. तिसऱ्या दिवशी खांबाआड दबा धरला आणि रंगेहाथ पकडलं.

"अहो, काय चाललंय हे?"

साहेब चोरासारखे दचकले. मग त्यांनी मागच्या ब्रेकची केबल दाखवली. तारा तुटून पिंजारल्या होत्या, दोनच काय त्या शिल्लक. "पोर हिंजवडीपर्यंत जाते यावरून. आज नेऊ देऊ नका."

मी वाकून ती केबल नीट पाहिली. "आधी नाही का सांगायचं?"

"काल ठीक होती. म्हणून तर रोज बघावी लागते."

"रोज? मृणालचीच?"

"पोरं ज्यांवरून जातात, त्या सगळ्या." साहेबांनी रुमालाला हात पुसले. "एकाहत्तरात एक पोरगा होता, तेवीस वर्षांचा. मी म्हटलं, निघण्याआधी तूही एकदा बघून घे. तर हसला. म्हणाला, 'सर, तुमची सही आहे ना, मग मी काय बघू?' आणि गेला. परत आला नाही."

इतके दिवस या माणसावर संशय घेतला, याची मला लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "चौकशी झाली असेल ना?"

"झाली. विमान शत्रूच्या तोफेनं पाडलं म्हणे. माझा दोष नाही, असं लेखी दिलंय."

"मग झालं तर!"

साहेब सीटला धरून सावकाश उठले.

"विमान सापडलंच नाही हो, सेक्रेटरी. मग त्यांना कसं कळलं?"