रस्ता न्हाई म्हणतो

आमच्या हिंगोलीत लग्न ठरलं, की मुहूर्त भटजी काढत; पण मिरवणूक कुठून न्यायची ते नागोराव दरोग्यांना विचारावं लागे.

दरोगा म्हणजे गावच्या रस्त्यांचे आणि सफाईचे दरोगा. खड्ड्यांत मुरूम टाकून घेणं, नाल्या उपसून घेणं, ही त्यांची नोकरी. मिरवणुकीचं काम त्यांना कुणी दिलं नव्हतं; ते त्यांनी आपणहून घेतलं होतं. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी ते खांद्यावर उंच वेळू घेऊन निघत. टोकाला पांढरी चिंधी. ती ज्या फांदीला लागेल ती फांदी तोडायची, कारण उद्या तिथं ताबूत तरी अडेल नाहीतर पालखीवरची छत्री. वळणावर दोन्ही हात पसरून उभे राहत: हा झाला घोडा. पुढं जाऊन उगीच थांबत: इथं वाजंत्री थांबणार. पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस एकटाच मिरवणूक काढून राहिला आहे. मी खिडकीतून बघून खुशाल हसत असे.

काम मात्र चोख. कोणत्या मशिदीपुढं वाजंत्री थांबवायची, कोणत्या देवळापुढून ताबूत केव्हा न्यायचा, हे दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांशी बोलून आधीच ठरवलेलं. तंटा म्हणून नाही. एखादी वाट नापसंत असली तर वाद घालत नसत. वेळू जमिनीवर आपटून एवढंच म्हणत, "रस्ता न्हाई म्हणतो." आता रस्त्याशी कोण भांडणार?

एकच रस्ता कायमचा न्हाई म्हणे, तो आमच्या गल्लीचा. गल्लीच्या तोंडाशी एक भलामोठा खड्डा होता. दसऱ्याआधी गावभर मुरूम पडे. आमच्या खड्ड्यात पडे फक्त पाणी. आणि दरोग्यांचं घर आमच्या अगदी समोर! लोक म्हणत, केवढा निर्मोही माणूस, स्वतःच्या दारापुढं सरकारी मुरूम टाकत नाही. मी म्हणे, असेल निर्मोही, पण पाय माझा मुरगळतो.

आमच्या शांतीचं लग्न ठरलं तेव्हा मी त्यांना घरी बोलावलं. चहा दिला, चिवडा दिला. दोन्ही संपवून ते म्हणाले, "वैनी, मांडव दारात घाला, पण नवरदेव मागल्या अंगानं आणा. रस्ता न्हाई म्हणतो."

"रस्ता कुठं काय म्हणतोय? तुम्ही म्हणताय."

"तेच की," म्हणाले आणि उठले.

मागल्या अंगाला आमचा गोठा. घोडा आत यायला तयार होईना, म्हणून नवरदेव उतरून, शेण चुकवत, बाशिंग सांभाळत मांडवात आला. विहीणबाई म्हणाल्या, "आमच्याकडं नवरदेव पुढच्या दारानं येतो बरं का." हे वाक्य पुढं मला बरीच वर्षं ऐकावं लागलं.

पाहुणे गेल्यावर मी सालगड्याला लावून विटांचे तुकडे आणि मुरूम घालून तो खड्डा बुजवून टाकला. दोन दिवसांनी सकाळी सडा टाकायला बाहेर येते तर दरोगा फावड्यानं तो उकरताहेत.

"काहून खणून राहिलात, दरोगासाहेब? गावचे बुजवायचे आणि आमचा उकरायचा?"

त्यांनी फावडं खाली ठेवलं, आपल्या घराकडं बघितलं आणि आवाज उतरवला.

"वैनी, गोदा हाय ना घरात. तिच्या डोळ्यांपुढून मी कुणाची वरात नेऊ?"

गोदा त्यांची एकुलती एक लेक. तिला आई नव्हती. परकरी वयात लग्न झालं, याच गल्लीतून तिची वरात निघाली, आणि नांदायला जायच्या आधीच नवरा गेला. आता ती तिशीला आली होती. मी सडा टाकला आणि घरात गेले. पुन्हा कधी खड्ड्याचं नाव काढलं नाही.

गोदा आमच्याकडं पापड लाटायला येई. मी एखाद्या लग्नाहून आले की विचारी, "काकू, सनई कुणाची होती? घोडा पांढरा होता का?" बिचारी आपलंच दुःख उकरते, असं वाटून मी पापडखाराची गोष्ट काढत असे.

मग निजामाचं राज्य गेलं. झेंड्याची मिरवणूक निघाली. ती काढणारी सगळी तरणी पोरं. दरोग्यांना विचारतो कोण? मोठ्या रस्त्यावर गर्दी मावेना, तसा लोंढा आमच्या गल्लीत वळला. दरोगा खड्ड्यापुढं वेळू आडवा धरून उभे. "थांबा! रस्ता न्हाई म्हणतो!" सनई-ताशाच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. लोक हसत खड्ड्यावरून उड्या मारत आले.

आणि गोदा बाहेर आली. आधी चौकटीला धरून, मग ओट्यावर, मग ओट्याच्या पार कडेला. पाय ताशावर ठेका धरत होता. एवढी हसरी मी तिला कधी बघितली नव्हती.

दरोगा गर्दीतून वाट काढत तिच्याजवळ पोचले. "गोदे, आत जा. तकलीफ व्हईल तुला."

"कसली तकलीफ, आबा? सरका, दिसून न्हाई राहिलं."

"तुला वाजंत्री ऐकवत न्हाई ना..."

"कोण म्हणलं?"

कुणीच म्हटलं नव्हतं. दरोगा ओट्यावर बसले, ते मिरवणूक सरली तरी तसेच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खड्डा स्वतःच्या हातानं बुजवला. मुरूम, वर पाणी, वर धुम्मसाचे ठोके. हिंगोलीत तसा गुळगुळीत रस्ता दुसरा नव्हता. लग्नसराईत ते गल्लीच्या तोंडाशी उभे राहून हाका मारत, "इकडून आणा! रस्ता व्हय म्हणतोय!" पण गावाला एव्हाना दुसऱ्या वाटेची सवय झाली होती. शिवाय नव्या पोरांना वाटे, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. सनई लांबून ऐकू येई आणि लांबूनच जाई. आमच्याही घरात आता लग्नाचं कुणी उरलं नव्हतं.

एकदा संध्याकाळी खिडकीतून बघते तर दरोगा खांद्यावर वेळू घेऊन गल्लीच्या तोंडाकडून येताहेत. हळूहळू, थांबत थांबत. त्यांच्या मागं कुणी नव्हतं. वळणावर त्यांनी घोड्यापुरते हात पसरले. गोदा ओट्यावर बसली होती. तिच्यासमोर येऊन ते, वाजंत्री जितका वेळ थांबते, तितका वेळ थांबले.

त्या दिवशी मी हसले नाही.