पिवळ्या उजेडाचा अहवाल

वाट दिसण्यासाठी माणसाला नुसता उजेड पुरत नाही; उजेडाच्या रंगाबाबत आधी एकमत व्हावे लागते. हे सत्य जपानातल्या त्सुकुबा या विज्ञाननगरीतील मराठी शास्त्रज्ञांनी १९९५-९६च्या हिवाळ्यात निर्विवाद सिद्ध केले.

निमित्त उल्हासरावांचे. मार्चअखेर त्यांची संशोधनवृत्ती संपून बिऱ्हाड पुण्याला परतणार होते, आणि चार वर्षे जपानात राहूनही आठ वर्षांच्या नुपूरने गुडघाभर बर्फ पाहिला नव्हता. 'जाण्याआधी नागानोच्या डोंगरात नेतो' असा शब्द बापाने दिला होता. गाडी जुनी, दिवे मिणमिणते. एखाद्या अडाण्याने गॅरेजवाल्याला विचारले असते. उल्हासरावांनी समिती नेमली.

सदस्य सहा, पैकी डॉक्टरेट पाच (सहावे भानुदास, त्यांना गाडी चालवता येत होती). पहिल्या महिन्याचा आढावा असा: बैठका नऊ, बटाटेवडे एकशे बारा, निर्णय शून्य.

मुद्दा तसा पोरांनाही कळेल असा होता. हेडलाइट मान वर करून लांबचे पाहतो आणि उडत्या हिमकणांवर आपटून आपलेच डोळे दिपवतो. फॉगलाइट मान खाली घालून पुढ्यातला रस्ता दाखवतो. (समितीत हेडलाइटांचे बहुमत होते.) वाद उरला रंगाचा: पिवळा की पांढरा? समितीतल्या राजीवने दुसऱ्या मजल्यावरून थर्मोकोलचे बारीक गोळे ओतले. खाली दोन्ही दिवे लावून निरीक्षणे झाली. निरीक्षणाला चार मिनिटे लागली, गोळे वेचायला चार तास (जपानात प्रत्येक कचऱ्याचा वार ठरलेला, थर्मोकोलचा वेगळा).

"अहो, तुमचा रंग ठरेपर्यंत बर्फ वितळेल," उल्हासरावांच्या पत्नी शैलजा म्हणाल्या.

"विज्ञानात घाई चालत नाही."

"मग पोरीला फ्रीजर उघडून दाखवा."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात चौतीस पानी अहवाल आला: पिवळा. दिवे बसले. रविवारी मंडळी पहाटे उजाडताच निघाली, कारण डोंगरात अंधारात गाडी चालवू नये, अशी शिफारस पान तेहतीसवर होती.

घाटाच्या पायथ्याशी रस्त्यावरच्या तपासनिसाने गाडी थांबवली. समोर पांढराशुभ्र डोंगर, वर लख्ख ऊन. उल्हासरावांनी तत्परतेने फॉगलाइट लावून दाखवले. तो वाकला, उल्हासरावही जपानी रीतीचा नमस्कार समजून बसल्या जागी वाकले. पण तो काही सरळ होईना. तो चाके बघत होता.

नुपूर खिडकीतून त्याच्याशी जपानीत बोलली, मग काच वर करत म्हणाली, "दिवे छान आहेत म्हणतात. पण टायर उन्हाळ्याचे आहेत, चाकांना साखळ्यापण नाहीत. दामे, चालणारच नाही म्हणतात. बाबा, परत फिरायचंय."

गाडी वळली. डोंगर दिसेनासा होईपर्यंत नुपूर मागच्या काचेला नाक लावून बसली होती.

उल्हासरावांना हसणे सोपे आहे. फक्त एवढी नोंद असावी: गाडी बर्फात जाणार हे तुम्हालाही पहिल्यापासून ठाऊक होते, आणि तपासनीस वाकेपर्यंत तुम्हीही पिवळा की पांढरा, हेच ठरवत होता.