परमुलखाचे खोटे फर्मान

श्री समर्थ आहे. ज्याच्या नामाने शिळा तरल्या, त्याच्याच कृपेने एक पासपोर्टही तरला, त्याची ही कैफियत. ऐकणाराने चित्त द्यावे, हसणाराने पोटभर हसावे, आणि ज्याच्या मोबाइलात परमुलखातून मास्तरकीच्या नेमणुकीचा खलिता येऊन पडला असेल त्याने आधी हे वाचावे, मग बॅग भरावी.

मजकूर ऐसा जे, सौभाग्यवती वज्रचुडेमंडित गणिताच्या बाई एका हायस्कुलात सोळा वर्षे कायम चाकरीस होत्या, आणि पैकी अकरा वर्षे शाळेचे वेळापत्रक त्यांचेच हातचे होते. वेळापत्रक करणे म्हणजे काय, हे करणारासच ठाऊक. अडतीस शिक्षक, बावीस तुकड्या, प्रयोगशाळा एक आणि तिचीही किल्ली हरवलेली. कोणाचा गुडघा नेमका पहिल्या तासाला दुखे, कोणाची सासू नेमकी शेवटच्या तासाला आजारी पडे, कोणास जिना चढवत नसे आणि कोणास उतरवत नसे, आणि अकरा वर्षांत बाईंनी एकाचाही शब्द पुराव्यावाचून खरा मानिला नाही. शिक्षकांच्या खोलीत त्यांना पाठीमागे जेलरबाई म्हणत. बाईंस हे कळले होते आणि मनातून आवडलेही होते.

परंतु देव ज्याची परीक्षा पाहतो त्याच्या बळकट बुरुजासच खिंडार पाडतो. बाईंच्या वर्गात अडुसष्ट मुले. एकदा तरी वीस मुलांचा वर्ग मिळावा आणि प्रत्येकाच्या वहीत डोकावून पाहावे, इतकीच त्यांची वासना. ही वासना कोठून कशी बाहेर फुटली नकळे, परंतु सोमवारी मधल्या सुट्टीत खलिता आला. वरी सोनेरी मुद्रा, मुद्रेत पृथ्वीचा गोल, गोलावर पुस्तक आणि पुस्तकावर मशाल. भरतीसाहेब म्हणविणाऱ्या कोणी गृहस्थाने धाडिला होता. मुलाखत सात मिनिटांत उरकली, तीही नुसत्या मेसेजवर, तोंड न दाखविता. शिकवायला आवडते काय, हा एकच सवाल. बाईंनी हो लिहिले आणि नेमणूक जाहली.

मग फर्मान सुटले, ते येणेप्रमाणे: गुरुवारी चार वाजता कुरियरवाला येईल, त्याचे हाती मूळ पासपोर्ट, मूळ पदव्या आणि आहे त्या चाकरीचा राजीनामा दिल्याची प्रत रवाना करावी, व्हिसा तूर्त पर्यटकाचा काढू, येथे उतरल्यावर नोकरीचा करून देऊ, विमानतळावर कोणी पुसल्यास फिरावयास आलो ऐसे बेलाशक सांगावे.

घरात खलबत बसले. बाईंचे यजमान चष्म्यांचे दुकानदार म्हणून चष्मेवाले, अंगाने बारीक आणि बोलण्याने त्याहून बारीक. त्यांनी खलिता दोनदा वाचिला आणि भीतभीत अर्ज गुजरिला.

"अगं, शिकवायला चाललीस आणि सांगायचं फिरायला आलेय?"

"अहो, तिकडची पद्धत असेल."

"खोटं बोलायची?"

"तू गप रे," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या दुकानाच्या पाटीवर 'तपासणी अचूक' लिहिलंय, ते तरी कुठे खरंय?"

येणेप्रमाणे विरोधी पक्षाचा मोड जाहला. आणि सासूबाईंनी मोहिमेची सूत्रे हाती घेतली, आणि तिन्ही मजल्यांवर जाऊन सून परमुलखी निघाल्याचे वर्तमान जाहीर केले, आणि मग वजनकाट्यावर एकदा बॅगेसह आणि एकदा बॅगेविना उभ्या राहून बॅगेचे वजन काढिले, आणि दोन्ही वेळा काटा तेवढाच आला म्हणून काट्यास शिव्या दिल्या. बुधवारी बाईंनी राजीनामा मुख्याध्यापकांच्या हाती ठेविला. त्यांनी तो वाचला, ड्रॉवरात घातला आणि उद्या संध्याकाळी संस्थेकडे धाडतो इतके म्हणाले. तो कागद एकदा संस्थेकडे गेला म्हणजे सोळा वर्षांची चाकरी बुडाली. आणि पासपोर्ट भरतीसाहेबांकडे गेला म्हणजे परत मागावयास पत्ताही नाही. परंतु मोहाची पट्टी डोळ्यांवर असता असले हिशेब दिसत नाहीत.

गुरुवार उजाडला. बाई सकाळचे सत्र आटोपून घरी आल्या. पाकिटास डिंक लागला, वरी चिकटपट्टी लागली. तीन वाजता भरतीसाहेबांचा खासा फोन आला, पाकीट तयार ना, ऐसे पुसावयास. बाईंनी तयार म्हणून कळविले, आणि मग अकरा वर्षांची खोड ती खोड, जिभेवरून घसरलीच.

"सर, माझं वेळापत्रक पाठवाल का? म्हणजे तयारी करून येते."

"मॅडम, वेळापत्रक तुम्ही म्हणाल तसं."

"पहिला तास?"

"नको असेल तर घेऊ नका."

"आणि शेवटचा?"

"तोही नको. तुम्ही आमच्या पाहुण्या."

जगाच्या पाठीवर शाळा कितीही असोत, पहिला आणि शेवटचा दोन्ही तास माफ करणारा मुख्याध्यापक आईच्या पोटी अद्याप जन्मला नाही. तरी शेवटची संधी म्हणून त्यांनी पुसले:

"बरं, एखादे शिक्षक आले नाहीत तर त्यांच्या वर्गावर बदली तासाला कोण जातं?"

"मॅडम, आमच्याकडे कोणी गैरहजर राहतच नाही."

बाईंनी फोन ठेविला. आणि भिंतीस पाठ लावून उभ्या राहिल्या.

"अहो," त्या यजमानांस म्हणाल्या, "ही शाळा नाही."

"म्हणजे?"

"जिथे कोणी दांडी मारत नाही ती शाळा असूच शकत नाही. माझ्या हातून अकरा वर्षांत एक दिवस असा गेला नाही."

येथे चष्मेवाल्यांनी जी मसलत दिली ती सोन्याच्या अक्षरांनी लिहावी. ते म्हणाले, "गिऱ्हाईक जुन्या चष्म्याचा नंबर सांगतं, तो मी ऐकून घेतो. पण तपासतो माझा मी. तू पत्रातल्या फोनवर विचारू नकोस. शाळेचा तू शोध."

मग उभयतांनी खलित्यात लिहिलेल्या नावाची शाळा इंटरनेटावर धुंडाळिली. शाळा खरीच होती, इमारतही होती, आणि तिचा नंबर खलित्यातील नंबराहून निराळा होता. बाईंनी तो फिरविला. पलीकडून कोणी कारकून बाई कावलेल्या आवाजात बोलिली, आणि बाईंनी दोन वाक्ये सांगितली न सांगितली तोच तिने थांबण्याचा हुकूम दिला, कारण सातवीचे मास्तर आले नव्हते, वर्ग बाकांवर चढला होता आणि कोणास तरी तेथे धाडणे निकडीचे होते. फोनात घंटा वाजत होती, कोणी कोणास ओरडत होते, दार आपटत होते. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. खरी शाळा ती हीच.

कारकून बाई परतली आणि तिने खुलासा केला की, ऐसा कोणी भरतीसाहेब आमचे पदरी नाही, त्याच्या नावाने या महिन्यात फोन करणाऱ्या तुम्ही नवव्या. आम्ही उमेदवारास पडद्यावर वर्ग घ्यावयास लावितो, मग घेतो. नोकरीचा व्हिसा निघाल्यावाचून कोणास विमानात बसू देत नाही. आणि कुरियरने मूळ पासपोर्ट मागेल तो चोर समजावा. इतके बोलून ती पुनश्च सातवीकडे धावली.

बाई वळल्या तो टेबल मोकळे. पाकीटही नाही, सासूबाईही नाहीत. कुरियरवाला ठरल्या वेळेच्या पाव तास आधीच आला होता आणि सासूबाई शुभकार्यास विलंब नको म्हणून खाली गेल्या होत्या.

मग जे युद्ध जाहले ते काय वर्णावे. बाई दोन जिने उतरल्या, पायांत चप्पल एकच, हातात फोन, आणि त्या फोनात भरतीसाहेब पुनश्च बोलू लागले होते. मघाशी बाईंनी फोन ठेविल्यावरून त्यांस संशय आला होता आणि गोडी सरली होती. आता माघार घ्याल तर नाव काळ्या यादीत घालू, जन्मात कोणत्या मुलखाचा व्हिसा मिळणार नाही, ऐसा दम भरू लागले. व्हिसा या शब्दास भिणार नाही ऐसा मास्तर विरळा. परंतु त्या थांबल्या नाहीत.

"सर, तुमच्या सातवीचा वर्ग बाकांवर चढलाय," त्या म्हणाल्या. "आधी तिकडे बघा."

फोन पलीकडूनच तुटला.

दाराशी कुरियरवाल्याच्या हातात पाकीट होते, आणि त्याच्या यंत्राने टुंग म्हणून केव्हाच सलामी दिली होती.

"आई, पाकीट घ्या परत," बाई जिन्यावरूनच बोलल्या. "चोर आहेत ते."

सासूबाईंनी कारण पुसले नाही. सून जेलरबाई असली तर सासू काय लेचीपेची होती. त्यांनी पाकीट हिसकाविले, पायरीवर ठेविले आणि वर स्वतः बसल्या.

"आजी, उठा ना. स्कॅन झालंय," कुरियरवाला म्हणाला.

"माझा गुडघा धरलाय. आता संध्याकाळपर्यंत उठवत नाही."

बाईंनी जन्मात प्रथमच गुडघ्याची सबब पुराव्यावाचून मान्य केली.

कुरियरवाला बिचारा निरपराध. त्याने यंत्रात पाहिले. "ताई, नेत नाही मी. पण कारण निवडावं लागतं. घर बंद, पत्ता चूक, ग्राहकाचा नकार."

"नकार," बाई म्हणाल्या.

एक किल्ला राखिला, दुसरा अद्याप गनिमाच्या तोफेखाली होता. राजीनामा. पाचास दहा मिनिटे कमी असता बाई शाळेत दाखल जाहल्या. मुख्याध्यापक खोलीत एकटेच, समोर चहा थंड.

"सर, माझा कागद पाठवला का?"

"पाठवायचाच आहे. का?"

बाई बोलू लागल्या, "घरी सासूबाई..." आणि तेथेच थबकल्या, कारण ही सबब त्यांनी अकरा वर्षांत कोणाचीही चालू दिली नव्हती. आता खरे सांगावे तर जेलरबाई फसल्या हे उद्या अडतीस तोंडी होणार. न सांगावे तर कागद जाणार. मान खाली न घालता त्यांनी सांगितले, "फसले, सर."

मुख्याध्यापकांनी त्या परमुलखीच्या शाळेचे नाव पुसिले. बाईंनी सांगितले. तेव्हा ते उठले, दारास कडी लाविली, आणि ड्रॉवर ओढून एक सोडून दोन राजीनामे टेबलावर ठेविले.

"तुम्हाला पहिला तास माफ होता का, बाई?"

"शेवटचाही."

"मला तर तासच नव्हते," ते अगदी हळू म्हणाले. "नुसती फेरी मारायची होती. बागेतून."

बाईंस हसू आले, परंतु ते त्यांनी गिळिले. "सर, पासपोर्ट कुठे आहे?"

"गेटवर. शिपायाकडे. पाचला माणूस येणार आहे."

घड्याळात पाच वाजावयास तीन मिनिटे होती. मग मुख्याध्यापकांस धावताना शाळेने प्रथमच पाहिले, आणि दुपारच्या सत्रातील साऱ्या तुकड्यांची खिडक्यांवर एकच दाटी जाहली, आणि त्यांच्या पुढे बाई, आणि गेटवर तोच कुरियरवाला पाकीट पिशवीत कोंबीत होता. त्याने बाईंस पाहिले आणि पाकीट आपण होऊन पुढे केले.

"कारण तेच टाकू का, ताई?"

"तेच."

येथवर फत्ते जाहली. परतताना मुख्याध्यापक धापा टाकीत म्हणाले, "हे आपल्या दोघांतच राहू दे, बाई. लोक हसतील."

बाईंनी विचार केला. हसतील हे खरेच होते. "हसू देत, सर. अडतीस जण आहेत आपल्याकडे."

शुक्रवारी सकाळी शिक्षकांच्या खोलीतील फळ्यावर बाईंच्या हस्ताक्षरात हुकूम लागला की, मूळ पासपोर्ट कोणाचे हाती देऊ नये, नोकरीचा व्हिसा हाती पडल्यावाचून राजीनामा लिहू नये, फिरावयास आलो ऐसे खोटे सांगून शिकवावयास जाऊ नये, आणि नेमणूक खरी की खोटी हे त्या शाळेसच फोन करून पुसावे. आणि खाली लिहिले की मी स्वतः फसले होते. त्याखाली सही. मुख्याध्यापक बराच वेळ खडू चावीत उभे राहिले, मग त्यांनीही आपली सही तेथेच केली.

हुकूम वाचून कोणी हसले नाही. भूगोलाचे सर मात्र पासपोर्टाची ओळ दोनदा वाचून चहा अर्धा टाकून उठले आणि घरी आजारी आहे म्हणून सुट्टी मागू लागले. कोण आजारी, हे बाईंनी पुसले नाही. "पळा, सर," त्या म्हणाल्या, "तास मी बघते."

येणेप्रमाणे तीन पासपोर्ट आणि दोन चाकऱ्या राखून ही मोहीम तडीस गेली. जैसे घडले तैसे लिहिले, पदरचे थोडेच घातले. श्रीचरणी अर्पण करून लेखणी खाली ठेविली.